पिंपळ, मुंजा आणि ग्रंथालयातील पत्र्याची पेटी

आपल्या विद्यालयाच्या ग्रंथालयात, दाराच्या डाव्या हाताला, जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांखाली एक पत्र्याची पेटी आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल, काहींनी तिच्यावर बसून दुपारचे वाचनही केले असेल. तिच्यात काय आहे हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही. ती पेटी मी भरलेली आहे. ग्रंथालयाचा कार्यभार प्रथम माझ्याकडे आला त्या वर्षी देणगीत आलेली पुस्तके मी एकेक करून तपासली. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा व गूढकथा, अरबी सुरस गोष्टींची एक जीर्ण प्रत, चेटकीण-राक्षसांची बालनाट्ये अशी सुमारे साठ पुस्तके वेगळी काढली, पेटीत घातली आणि कुलूप लावले. नोंदवहीत त्यांच्यासमोर तांबड्या शाईने शेरा लिहिला, 'वितरणास अयोग्य'. तो शेरा लिहिताना मला अभिमान वाटला होता, हे आज कबूल केलेले बरे.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने वाचनाविषयी काही लिहावे असे सुचविले, तेव्हा इतिहासाच्या ग्रंथांची यादी देणे मला सोपे होते. परंतु त्या यादीची आपल्या वाचकांना फारशी गरज नाही. म्हणून मी कुलूपबंद केलेल्या पुस्तकांचीच शिफारस येथे करणार आहे. काही सहकाऱ्यांना हे रुचणार नाही. त्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण एके काळी तो माझाच होता.

आक्षेप हलका नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अधम्म म्हणजे काय हे सांगताना पहिल्याच प्रकरणात अलौकिकावरील विश्वासाचा समाचार घेतला आहे. घटना घडते तिला कारण असते, आणि ते कारण मनुष्याच्या वा निसर्गाच्या व्यवहारात शोधावे लागते, ही शिकवण आपल्या परिपाठाचा पाया आहे. शिवाय आपण ज्या किनाऱ्यावर राहतो तेथील परिस्थिती कोणापासून लपलेली नाही. मूल तापाने फणफणले की डॉक्टरच्या आधी भगताचे घर गाठणारी कुटुंबे अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत आजही आहेत. अंगारा, उतारा, लिंबू, कोंबडे यांवर मजुरीचे किती दिवस खर्ची पडतात याचा हिशेब कोणी ठेवत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या व्यवहाराविरुद्ध आयुष्य वेचले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्यानंतरच महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला. अशा प्रदेशात, अशा परंपरेच्या शाळेत, मुलांच्या हाती भुतांची पुस्तके द्यावयाची काय?

माझे उत्तर 'द्यावी' असे आहे. ते बदलण्यास एक मूल कारणीभूत झाले.

आपल्या प्रांगणातील बोधिवृक्ष सर्वांच्या परिचयाचा आहे. सकाळी त्याच्यासमोर वंदना होते, पौर्णिमेला त्याच्या पारावर दिवे लागतात. काही वर्षांपूर्वी सहावीतला एक मुलगा, घर मुरूड तालुक्यातले, रात्री वसतिगृहातून बाहेर पडेनासा झाला. स्वच्छतागृहाची वाट त्या झाडावरून जाते. त्याने अंथरूण ओले करण्यास सुरुवात केली, मुले चिडवू लागली, आणि प्रकरण स्वयंपाकघरातल्या मावशींकडून माझ्यापर्यंत आले. मी त्याला जवळ बसवून विचारले. तो म्हणाला, "सर, सकाळी तो बोधिवृक्ष असतो. रात्री पिंपळ असतो. पिंपळावर मुंजा असतो."

मी त्याला विज्ञान सांगितले. कायदा सांगितला. प्रतिज्ञांची आठवण करून दिली. त्याने सर्व ऐकले, मान डोलावली, आणि त्या रात्रीही तो बाहेर पडला नाही. मुंजा नसतो हे मी त्याला सांगत होतो, पण मुंजा म्हणजे काय हे त्याला कोणी धड सांगितलेच नव्हते. वसतिगृहातले दिवे मालवल्यावर मोठ्या मुलांनी कुजबुजत सांगितलेले अर्धवट तुकडे, एवढेच त्याच्याकडे होते. त्या कुजबुजीला सुरुवात नव्हती, शेवट नव्हता, लेखकाचे नाव नव्हते. ज्या गोष्टीला शेवट नसतो ती अंथरुणापर्यंत येते.

दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी मी पेटी उघडली. वाचून दाखवण्यापूर्वी मुलांना त्यांच्याच गावाकडची भुते सांगावयास लावली. तासाभरात फळा भरला. मुंजा, समंध, देवचार, झोटिंग, हडळ, जखीण, गिऱ्हा, चकवा. प्रत्येकापुढे तो कोण होता, कसा मेला, कोठे राहतो असे रकाने आखले. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज न होता मेलेला ब्राह्मणाचा मुलगा, हे मी लिहिले, आणि मागच्या रांगेतून तोच मुलगा उठला. "सर, मुंजा बामणाचा पोर ना? मग आमाला धरला तर त्याला विटाळ नाय व्हायचा?"

वर्ग हसून लोटपोट झाला. मीही हसलो. त्या हसण्यातून त्या मुलाची भीती पार नाहीशी झाली असे मी म्हणणार नाही. पण त्या महिन्यात तो एका मित्राला घेऊन, आणि पुढे एकटा, झाडावरून जाऊ लागला. मला मात्र त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही. एम.ए.ला जे माझ्या ध्यानात आले नव्हते ते या पोराने एका वाक्यात मांडले होते.

कारण ती वाटणी खरीच आहे, आणि ती कागदावर उतरवून ठेवणारे आमचेच व्यवसायबंधू होते. १९१५ साली कोकणातील लोकसमजुतींच्या टिपणांचा एक इंग्रजी खंड मुंबईत प्रसिद्ध झाला. त्याचे संपादन आर. ई. एन्थोव्हेन यांनी केले. साहित्य जमविण्याचे काम त्यापूर्वी जॅक्सन या अधिकाऱ्याने केले होते. १९०९ साली नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या तेच हे जॅक्सन. त्यांनी प्रश्नावली पाठविली ती गावोगावच्या शाळामास्तरांकडे. त्या खंडात पानोपानी माहिती देणाऱ्याचा उल्लेख येतो तो 'शाळामास्तर, चौक', 'शाळामास्तर, पोलादपूर' असा. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा आपला रायगड. या मास्तरांनी भुतांची जी जंत्री दिली तीत मुंजा व समंध ब्राह्मणाचे, देवचार शूद्राचा, झोटिंग खारवी-कोळ्यांचा अशी चोख विभागणी आहे. मेल्यावरही माणसाची जात सुटत नाही, झाडही जातीप्रमाणे मिळते. स्मशानात सर्व समान होतात असे म्हणणाऱ्यांनी ही जंत्री जरूर वाचावी. कोकणातली भुते हा जातिव्यवस्थेचा एक दस्तऐवज आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने दस्तऐवज पेटीत बंद करून ठेवावयाचा नसतो.

येथे कोणी म्हणेल, अभ्यास म्हणून ठीक आहे, पण कथा-कादंबरी कशासाठी? कादंबरीत तर भूत खरेच असते, आणि मूल त्यावर विश्वास ठेवते.

याला माझे उत्तर महाडच्या वाटेने जाते. आपल्या जिल्ह्यात आजवर सांगितली गेलेली सर्वांत भयंकर अद्भुतकथा कोणती असे मला विचाराल, तर ती अशी आहे : एका तळ्यातले पाणी गुरे प्यायली तर शुद्ध राहते, आणि विशिष्ट आईच्या पोटी जन्मलेला माणूस त्यात ओंजळ बुडवील तर ते बाटते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, आणि पुढे १०८ घागरी, पंचगव्य आणि मंत्र यांनी ते पाणी 'शुद्ध' करण्यात आले. कोणत्या धारपांनी याहून विलक्षण मंत्रप्रयोग लिहिला आहे? फरक इतकाच की धारपांच्या पुस्तकावर 'कादंबरी' असे छापलेले असते. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असते, मागे किंमत असते, आणि शेवटच्या पानावर 'समाप्त' येते. चवदार तळ्याच्या कथेवर 'धर्म' असे छापलेले होते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडात जे पुस्तक जाळले गेले ते भयकथेचे नव्हते. जी कल्पित गोष्ट आपण कल्पित आहोत असे स्वतः सांगते, तिच्यापासून माणसाला धोका नाही. उलट अशा गोष्टी भरपूर वाचलेल्या मुलाला गोष्ट रचतात कशी, भीती उभी करतात कशी, वातावरण कोठून येते हे कळू लागते. पुढे भगताच्या अंगणात बसण्याची पाळी आलीच, तर धूप, अंधार आणि घुमणे यांतली कारागिरी त्याच्या नजरेतून सुटत नाही.

आपल्या परंपरेतही याला आधार आहे. अजिंठ्याची सहल आपण दर दोन वर्षांनी काढतो. सतराव्या लेण्यात उजव्या भिंतीवर सिंहल अवदान रंगविलेले आहे. समुद्रात गलबत फुटते, व्यापारी एका बेटाला लागतात, सुंदर स्त्रिया त्यांचे स्वागत करतात, घरी नेतात, आणि त्या राक्षसी असतात. पांढऱ्या उडत्या घोड्यावरून सिंहल सुटतो, पण एक राक्षसी त्याच्या मागोमाग राजाच्या दरबारात येते आणि पुढे राजवाड्यातली माणसे खाल्ली जातात. त्याच धाटणीची वालाहस्स जातक ही कथा पाली जातकांत आहे. हे चित्र भिक्षूंच्या विहाराच्या भिंतीवर आहे. भिक्षूंनी ते काढविले, त्यांच्या सावलीत ध्यान केले, आणि राक्षसींची पूजा काही सुरू केली नाही. मुलांना मी तेथे उभे करून सांगतो की, बाळांनो, ही आपल्या देशातली एक जुनी भयकथा, आणि ती समुद्रावरच्या माणसांची आहे. आपल्या राजपुरी खाडीच्या काठच्या कुडा लेण्यांना ज्यांनी दाने दिली त्या व्यापारी मंडळींनीही गलबतावर अशाच गोष्टी ऐकल्या असतील, असे मला नेहमी वाटते. याला पुरावा नाही, इतिहासशिक्षकाची हौस समजावी.

आता पुस्तकांकडे येतो.

नवख्या वाचकाने आरंभ मतकरींपासून करावा. रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांत, उदाहरणार्थ 'खेकडा' ही कथा घ्या, भूत बाहेरून येतच नाही. ते माणसाच्या मत्सरातून, अपराधातून, एकटेपणातून वर येते. वाचून संपल्यावर पिंपळाकडे न पाहता मूल आपल्या मनाकडे पाहते. लहानांसाठी त्यांचीच 'अलबत्या गलबत्या' व 'निम्मा शिम्मा राक्षस' ही नाटके आहेत. आपल्या स्नेहसंमेलनात ती एकदाही झालेली नाहीत याला मी कारण आहे, तेव्हा पुढील वर्षी चेटकिणीचे काम मलाच द्यावे. हेच मतकरी उतारवयात ठाण्याच्या वस्त्यांतल्या मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' उभा करीत होते. भुताखेतांचे लेखक समाजाला पाठमोरे असतात हा समज त्यामुळे तरी जावा.

नारायण धारप यांच्याविषयी माझे मत संमिश्र आहे. शंभराहून अधिक पुस्तके लिहिलेला हा लेखक भीती चढत्या क्रमाने कशी रचावी याचा उस्ताद आहे. 'लुचाई'सारखी कादंबरी हातात घेतली की जेवणाची घंटा ऐकू येत नाही. तिचा सांगाडा स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाकडून आला आहे, पण धारपांनी तो मराठी मातीत असा रुजवला आहे की परका वाटू नये. २०१८ चा 'तुंबाड' हा चित्रपट ज्यांनी पाहिला त्यांना हेही ठाऊक असावे की त्याच्या मुळाशी धारपांची 'आजी' ही कथा आहे. तथापि त्यांच्या 'समर्थ' कथांविषयी विद्यार्थ्यांना सावध करणे मी कर्तव्य समजतो. तेथे दुष्ट शक्तीवरचा उपाय हा नेहमी वरून येतो. एक सिद्ध पुरुष, त्याची साधना, त्याचे तेज, आणि सामान्य माणसाने फक्त शरण जावयाचे. ही रचना आपल्याला ओळखीची आहे. म्हणून समर्थकथा वाचा, रात्र जागवा, आणि सकाळी वहीत लिहा की या गोष्टीत गावच्या लोकांनी स्वतः काय केले. बहुतेक वेळा उत्तर एका ओळीत बसते.

डॉ. जयंत नारळीकरांची 'प्रेषित' आणि 'वामन परत न आला' ही पुस्तके ग्रंथालयात पूर्वीपासून आहेत. विज्ञानकथा म्हणून ती माझ्या तांबड्या शाईतून सुटली. येथे एवढेच सांगतो की कल्पनेच्या भराऱ्या मारणाऱ्या याच माणसाने अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांसह फलज्योतिषाची रीतसर चाचणी घेतली. जन्मपत्रिकेवरून हुशार व मतिमंद मुले ओळखण्यास ज्योतिषांना सांगितले, आणि नाणे उडवून जितके बरोबर यावे तितकेही यश त्यांच्या पदरी पडले नाही. कल्पना आणि विवेक एका डोक्यात सुखाने नांदतात, याला याहून वेगळा पुरावा मला लागत नाही.

दहावी ओलांडलेल्यांनी जी. ए. कुलकर्णी यांच्या 'रमलखुणा'ला हात घालावा. अवघड आहे. दोन पाने वाचून ठेवून दिले तरी हरकत नाही, पुन्हा तीन वर्षांनी काढावे.

बाहेरच्या जगातील तीनच नावे घेतो, आणि तिन्ही लेखिकांची आहेत. मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली ती तारीख १ जानेवारी १८१८. आपल्याकडे त्याच दिवशी भीमा कोरेगावची लढाई चालली होती. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो सांगितल्यावाचून राहवत नाही. चित्रपटांनी त्या निर्मिलेल्या प्राण्याला मुका राक्षस करून टाकले. मूळ पुस्तकात तो एका झोपडीच्या भिंतीतील फटीतून आतल्या कुटुंबाला पाहत, ऐकत भाषा शिकतो, सापडलेली पुस्तके वाचतो, आणि ज्ञान घेऊन माणसांसमोर येतो तेव्हा चेहरा पाहूनच त्याला मारून हाकलले जाते. शाळेच्या ओसरीवर बसून, आतला धडा बाहेरून ऐकत शिकलेल्या आजोबांची नातवंडे ते प्रकरण वाचतील तेव्हा त्यांना वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही.

टोनी मॉरिसनची 'बिलव्हेड' (१९८७) मुलांसाठी नाही, शिक्षकांसाठी व मोठ्या माजी विद्यार्थ्यांसाठी आहे. गुलामगिरीतून पळालेली एक आई, आपले मूल पुन्हा त्या नरकात जाऊ नये म्हणून त्याला स्वतःच्या हाताने मारते, आणि ते मूल भूत होऊन घरात परत येते. यामागे १८५६ सालची मार्गारेट गार्नर या स्त्रीची सत्यघटना आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली डुबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या आणि आपल्या स्थितीतील साम्याचा विषय काढला होता. ती नाळ ज्यांना महत्त्वाची वाटते त्यांनी हे पुस्तक टाळू नये. जो इतिहास दप्तरात नोंदवू दिला गेला नाही तो भुताच्या रूपाने बोलतो, हे मला प्रथम येथे दिसले. आपल्याकडे ही कादंबरी अजून कोणी का लिहू नये? गावकुसाबाहेर किल्ल्याच्या, पुलाच्या पायात पुरलेल्या माणसांच्या दंतकथा आपल्या आज्यांनी सांगितलेल्या आहेत. त्यांची भुते मुंजाइतकी प्रसिद्ध नाहीत, एवढेच.

तिसरी उर्सुला ले ग्विन. 'अर्थसी' ही तिची सृष्टी म्हणजे शेकडो बेटे आणि मधला समुद्र. १९६८ च्या पहिल्या पुस्तकाचा नायक गेड हा शेळ्या राखणारा तांबूस-सावळ्या कातडीचा मुलगा आहे. राजपुत्र नाही, गोरा नाही. गर्वाच्या भरात तो एक सावली जगात सोडतो आणि मग लहानशा होडीतून तिच्यापासून पळत, पुढे तिचाच पाठलाग करीत समुद्र पालथा घालतो. त्या जगात प्रत्येक वस्तूचे खरे नाव असते आणि ते ज्याला कळते त्याला तिचे भय उरत नाही. आपल्या भाषेत पाण्यावरची नाव आणि माणसाचे नाव एकाच शब्दात येतात, त्यामुळे कोळीवाड्यातल्या मुलांना ही गोष्ट तोंडी सांगताना मला फार गंमत येते. शेवट मी कधीच सांगत नाही. इंग्रजी नववी-दहावीच्या आवाक्यातले आहे, शब्दकोश जवळ ठेवावा.

इतके सांगितल्यावर व्यवहाराची बाब. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून ग्रंथालयासाठी यंदा नवी कपाटे येणार आहेत. त्यातील एक, काचेच्या दाराचे, या पुस्तकांसाठी राखून ठेवावे अशी विनंती मी ग्रंथालय समितीस लेखी दिली आहे. तिसरी-चौथीच्या मुलांना ही पुस्तके झोपण्यापूर्वी देऊ नयेत, शनिवारी दिवसाउजेडी सामूहिक वाचन व्हावे, आणि वाचनानंतर प्रश्न विचारण्यास पुरेसा वेळ ठेवावा, या अटी मी स्वतःच घातल्या आहेत. समितीतील दोन सदस्यांचा विरोध कायम आहे. त्यांच्यापैकी एकांच्या गावी एका विधवा बाईला चेटकीण ठरवून वाळीत टाकले होते, आणि 'चेटकीण' हा शब्द हसण्याचा विषय होणे त्यांना सोसत नाही. या म्हणण्यापुढे मी गप्प बसतो. त्यांनी शनिवारच्या वाचनाला येऊन ती हकिकत मुलांना सांगावी, असे मी त्यांना सुचविले आहे. अजून त्यांचा होकार आलेला नाही.

पेटी आता उघडी असते. नोंदवहीतील साठ पुस्तके मी ताडून पाहिली तेव्हा एकोणसाठ भरली. कुलूप लावलेल्या पेटीतून धारपांची एक कादंबरी गेली कशी, हे कोडे मला उलगडलेले नाही. ज्या कोणा माजी विद्यार्थ्याने ती नेली असेल त्याने वर्धापनदिनाला येताना सोबत आणावी. दंड आकारला जाणार नाही. किल्ली कोठून मिळाली तेवढे मात्र सांगावे.